पेजिंग फाइल बंद करू का?

प्रश्न : घरचा कॉम्प्युटर जुना आहे, विंडोज १० आणि रॅम ४ जीबी. क्रोम आणि एक्सेल सोबत उघडलं की मेमरी कमी आहे असा मेसेज येतो. मित्र म्हणतो व्हर्च्युअल मेमरी बंद कर, फास्ट होईल. करू का?

उत्तर : अजिबात करू नका! रॅम भरली की विंडोज सध्या न लागणारा डेटा सी ड्राइव्हवरच्या पेजफाइल.सिस या लपवलेल्या फाइलमध्ये नेऊन ठेवतं (हीच पेजिंग फाइल, मित्र म्हणतो ती व्हर्च्युअल मेमरी), तीच बंद केली तर जागा संपल्यावर प्रोग्रॅम सरळ बंद पडतील आणि सेव्ह न केलेलं काम जाईल, आणि ४ जीबीवर ही वेळ फार लवकर येते. आधी सी ड्राइव्हवर जागा किती उरलीय ते बघा, बऱ्याचदा खरं दुखणं तिथंच असतं. मग अॅडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्जमध्ये परफॉर्मन्सचं सेटिंग्ज बटण, त्यात अॅडव्हान्स्ड टॅब, तिथं व्हर्च्युअल मेमरीखाली चेंज. सगळ्यात वरची ऑटोमॅटिक वाली टिक असेल तर राहू द्या, माझं मत विचाराल तर तेच बरं. मेसेज तरीही येत असेल तर टिक काढून सी ड्राइव्ह निवडा, कस्टम साइजमध्ये इनिशियल ४०९६ आणि मॅक्सिमम ८१९२ टाका, आकडे एमबीत असतात, आणि सेट दाबायला विसरू नका, नुसतं ओके केलं तर बदल लागत नाही. मग रीस्टार्ट.

यानं स्पीड मात्र वाढणार नाही, कारण हार्ड डिस्क रॅमपेक्षा कितीतरी स्लो असते. खर्च करायचाच असेल तर रॅम ८ जीबी करा.