महापालिका स्वस्त घरं आणि बेघर यांच्यासाठी बजेटमध्ये पैसे ठेवते म्हणजे नेमकं काय करते? ते पैसे जातात कुठे?

तुम्ही दोन्ही गोष्टी एका दमात विचारल्यात, पण बजेटच्या पुस्तकात त्या एका पानावर कधी भेटत नाहीत. एका महापालिकेचं बेघर निवारा केंद्र चालवणाऱ्या संस्थेत मी काही वर्षं हिशेब लिहायचो, त्यामुळे थोडं आतलं सांगू शकतो. उदाहरण पुण्याचं घेतो.

घरांचा पैसा भांडवली खर्चात, म्हणजे इमारतींसारख्या टिकाऊ गोष्टी उभारायच्या खर्चात धरतात. २०१५ च्या प्रधानमंत्री आवास योजनेत, पालिकेने स्वतः बांधायच्या घरांसाठी केंद्राचे घरामागे दीड लाख आणि राज्याचे एक लाख. पुण्यात हडपसर-खराडीला, पिंपरी-चिंचवडमध्ये चऱ्होली-बोऱ्हाडेवाडीला उभ्या राहिलेल्या इमारती यातल्याच. केंद्राचा वाटा ४०-४०-२० टक्के अशा तीन हप्त्यांत येतो. आधीच्या पैशाचं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे ते पैसे ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, गेल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही. ठेकेदाराचं बिल मात्र थांबत नाही, म्हणून पालिकेला आपली तरतूद आधी दाखवावी लागते. अडीच लाखांच्या वरची रक्कम लाभार्थ्याने भरायची, ती बहुतेक वेळा गृहकर्ज काढून. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या रिक्षावाल्याला हे जमू शकतं. पुलाखाली झोपणाऱ्याला कर्ज कोण देणार?

त्याच्यासाठी असतो तो महसुली खर्च, म्हणजे रोजचं चालवण्याचा खर्च: काळजीवाहकाचा पगार, वीज, पाणी, सतरंज्या-चादरी. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० मधल्या आदेशांनंतर निकष ठरला: शहरातल्या दर एक लाख लोकसंख्येमागे १०० जणांची सोय, बारा महिने, चोवीस तास. पुढे राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानातून, म्हणजे शहरी गरिबांसाठीच्या केंद्राच्या योजनेतून, अनुदान सुरू झालं. ५० जणांच्या निवाऱ्याला चालवण्यासाठी वर्षाला ६ लाख रुपये, तेही पाच वर्षं. नंतर पालिकेने बघायचं. भागाकार करून बघा, माणशी दिवसाला ३३ रुपये पडतात. यात चादर धुवायची की बल्ब बदलायचा, असा प्रश्न आमच्याकडे खरोखर पडायचा.

आता गंमत बघा. २०११ च्या जनगणनेनुसार पुण्याची लोकसंख्या सुमारे ३१ लाख. म्हणजे ३,१०० जणांची सोय, ५० जणांचे ६२ निवारे, वर्षाचा चालवण्याचा खर्च ३ कोटी ७२ लाख. पुणे महापालिकेचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक १२,६१८ कोटींचं. शंभर रुपयांतले तीन पैसे! दर जुना आहे, चौपट करा. तरी बारा पैसे. तेव्हा ‘पालिकेकडे पैसे नाहीत’ हे उत्तर मला पटत नाही. माझ्या मते अडचण अशी की या खर्चात उद्घाटनाची फीत नाही, मोठं टेंडर नाही, आणि निवाऱ्यात झोपणाऱ्याचं मतदार यादीत नाव बहुधा दुसऱ्याच गावाला, असलं तर. शिवाय हा खर्च दरवर्षी नव्याने करावा लागतो. अभियानाची मुदत सप्टेंबर २०२४ मध्ये संपली, तेव्हा केंद्राच्या पैशावर विसंबलेल्या पालिकांपुढे हा खर्च आता कशातून करायचा हाच प्रश्न आला.

आणि तरतूद झाली म्हणजे पैसे मिळाले, असंही नाही. वर्ष संपत आलं की वर्गीकरणाचे प्रस्ताव येतात, म्हणजे एका लेखाशीर्षातली (बजेटमधल्या एका कामाच्या खात्यातली) न वापरलेली रक्कम दुसऱ्या लेखाशीर्षावर वळवायची. कागदोपत्री सगळं नियमात असतं. आमच्या शहरात निवाऱ्याच्या दुरुस्तीसाठी ठेवलेले पैसे एका वर्षी असेच एका प्रभागातल्या पेव्हर ब्लॉककडे गेले. आम्हाला कळलं तोवर ब्लॉक बसवूनही झाले होते.

म्हणून अंदाजपत्रक वाचताना ‘या वर्षीची तरतूद’ हा रकाना शेवटी बघा. आधी मागच्या वर्षीचा प्रत्यक्ष खर्च आणि सुधारित अंदाज (वर्षाच्या मध्ये बदललेला आकडा) यांची तुलना करा. घरांच्या बाबतीत तरतूद दिसते पण खर्च शून्याजवळ असेल, तर जागा कोर्टात अडकली आहे का किंवा हप्ता रखडलाय का ते विचारा. बेघरांसाठी बहुतेक ठिकाणी समाजविकास विभागाची किंवा त्याच कामाच्या विभागाची पानं उघडावी लागतात, घरबांधणीच्या पानांवर काही सापडणार नाही. माहिती अधिकारात अर्ज करणार असाल तर फक्त ‘किती खर्च झाला’ एवढं विचारू नका. त्या लेखाशीर्षातून वर्गीकरणाने किती रक्कम बाहेर गेली आणि त्या ठरावाची प्रत, हे दोन्ही नाव घेऊन मागा.