बॅटरी किलोवॅटची नसते

प्रश्न असा आहे: केरळातल्या ‘आदित्य’ या सौर बोटीबद्दल वाचताना एका ठिकाणी ‘50 किलोवॅटची बॅटरी’ असे दिसले, दुसऱ्या ठिकाणी तीच ‘50 किलोवॅट प्रति तास’ झाली होती. बरोबर कोणते? आणि शक्ती व ऊर्जा हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले तर बिघडते का?

दोन्ही चूक. आणि हो, बिघडते. ती बॅटरी 50 किलोवॅट-तासांची आहे. किलोवॅट हे शक्तीचे माप, किलोवॅट-तास हे ऊर्जेचे.

‘किलोवॅट प्रति तास’ ऐकून ऐकून कान किटले आहेत. बातमीदार, विक्रेते, चर्चेतले तज्ज्ञ, कोणीही सुटलेले नाही. जिभेला ताशी वेगाची सवय, त्यामुळे तास दिसला की आधी ‘प्रति’ चिकटवून मोकळे. ‘प्रति’ म्हणजे भागाकार. किलोमीटर प्रति तास म्हणताना अंतराला वेळेने भागलेले असते. किलोवॅट-तासात शक्तीला वेळेने गुणलेले असते. वीजबिलावरचे युनिट ते हेच: दोन किलोवॅटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट. ‘किलोवॅट प्रति तास’ला स्वतःचा अर्थ आहे, नाही असे नाही. शक्ती तासाला किती किलोवॅटने वाढवत नेली हे सांगायचे असेल तर तो प्रयोग शुद्ध आहे. बॅटरीबद्दल बोलताना तसे काही सांगायचे नसते.

आदित्य 2017 च्या जानेवारीत वैकम आणि तवणक्कडवू यांच्या दरम्यान वेंबनाड तलावात सुरू झाली. उतारू 75. छतावरच्या पॅनेलांची कमाल शक्ती 20 किलोवॅट, मोटरी दोन, त्याही 20-20 किलोवॅटच्या, आणि बॅटरी 50 किलोवॅट-तास. यातला शेवटचा ‘तास’ गाळला की वाचणाऱ्याला वाटते, बॅटरी मोटरींपेक्षा जोरकस आहे. या तुलनेला अर्थच नाही. मोटरी किती जोर लावतात हा एक प्रश्न. बॅटरीत भरलेले किती वेळ पुरेल हा दुसरा. ऊन नसताना दोन्ही मोटरी पूर्ण जोराने, म्हणजे 40 किलोवॅटने, चालवल्या तर 50 भागिले 40, कागदावर सव्वा तास. बोटीचा वेग पाऊणपट केला तर? पाणी कापत संथ जाणाऱ्या बोटीला लागणारी शक्ती ढोबळमानाने वेगाच्या घनाने वाढते, त्यामुळे 40 चे साधारण 17 किलोवॅट होतात आणि तीच बॅटरी तीन तासांच्या जवळ जाते. हाच हिशेब ‘50 किलोवॅटच्या बॅटरी’वर करून पाहा. पहिल्याच पायरीला अडाल.

शक्ती या शब्दावर फार वेळ घालवत नाही. धातू शक्, म्हणजे समर्थ असणे. त्याच धातूचे आपले ‘शकणे’. मोटर या क्षणी किती करू शकते, ते किलोवॅट. नेमका शब्द आहे.

ऊर्जेकडे मात्र लोकांचे लक्षच जात नाही. ‘एनर्जी हा आपल्या ऊर्जेचाच अपभ्रंश’ असे छातीठोकपणे सांगणारे अनेक आहेत. ते चूक आहे. उच्चार जवळचा वाटला म्हणून नाते जुळवायचे, याला व्युत्पत्ती म्हणत नाहीत. एनर्जीच्या पोटात ग्रीक ‘एर्गोन’ आहे, म्हणजे काम. आपल्या शब्दाच्या पोटात काम नाही, अन्न आहे! ऊर्ज् म्हणजे अन्नातला रस, पोषण, त्यातून येणारे बळ. यजुर्वेदाची सुरुवातच ‘इषे त्वोर्जे त्वा’ अशी आहे, म्हणजे ‘अन्नासाठी तुला, ऊर्जेसाठी तुला’. निघंटू या वैदिक शब्दांच्या जुन्या यादीत अन्नाची नावे दिली आहेत, त्यांत ‘ऊर्क्’ म्हणजे हाच ऊर्ज् आहे. भाषाशास्त्रज्ञ ऊर्ज्‌चे नाते ज्या ग्रीक शब्दाशी जोडतात तो ‘ओर्गाओ’: रसाने फुगणे, फळाने पिकायला येणे. म्हणजे नातेवाईक शोधायला निघालेल्यांनी ग्रीसमध्ये चुकीचे दार ठोठावले; बरोबरचे दार शेजारीच होते.

याहून सुंदर गोष्ट महिन्यांच्या नावांत आहे. मधु, माधव अशी जी वैदिक नावे आहेत त्यांत आश्विनाला इष म्हणतात आणि कार्तिकाला ऊर्ज. अमरकोशातही, म्हणजे अमरसिंहाच्या जुन्या संस्कृत पर्यायकोशातही, कार्तिकाचे ‘ऊर्ज’ हे नाव आले आहे. माझे ठाम मत असे की हे नाव शेतातून आले. पाऊस सरला आहे, कणसातला चीक आटून दाणा घट्ट झाला आहे, वर्षाचे पोषण कणगीत जायला तयार आहे. वापरण्याआधी साठवलेले बळ म्हणजे ऊर्ज. बॅटरीबद्दल बोलायला याच्याइतका चपखल शब्द कोणत्या भाषेत असेल असे मला वाटत नाही. बॅटरी ही बोटीची शिदोरी आहे, आणि शिदोरी किती आहे हे सांगताना वल्हवणाऱ्याच्या दंडाचे माप कोणी देत नाही. ‘उद्योगाला ऊर्जितावस्था आली’ असे रोज छापणाऱ्यांनी त्यातला ऊर्ज् एकदा तरी पाहावा.

‘पॉवरला शक्ती म्हणू नका, क्षमता म्हणा’ असा सल्ला काही जाणकार देतात. त्यांचे कारण असे की जुन्या कोशांत शक्ती आणि बल एकच आहेत. अमरकोश दोन्ही एकाच यादीत बसवतो, हे खरे. पण अमरसिंहापुढे मोटर नव्हती आणि त्याला पर्याय गोळा करायचे होते, फरक दाखवायचा नव्हता. आपल्या शालेय पुस्तकांनी बल, शक्ती आणि ऊर्जा या तीन शब्दांची नीट वाटणी केली आहे आणि ती उत्तम आहे. उलट ‘क्षमता’च घोटाळा करते. कोयनेची क्षमता 1,960 मेगावॅट, ही शक्ती झाली. बॅटरीची क्षमता 50 किलोवॅट-तास, ही ऊर्जा. बोटीची क्षमता 75, ही माणसे! असला बहुरूपी शब्द परिभाषेत आणून काय साधणार?

बल वेगळे ठेवण्याची गरज बोटींच्या बाबतीत तर जास्तच आहे. छोट्या होड्यांच्या विजेच्या मोटरी ‘55 पाउंड थ्रस्ट’ अशा विकल्या जातात. तो रेटा आहे, म्हणजे बल. त्याचे परस्पर हॉर्सपॉवर करता येत नाहीत. होडी किती वेगाने चालली आहे ते कळल्याशिवाय शक्ती निघत नाही. आदित्यच्या 20 किलोवॅटच्या मोटरीचे मात्र सरळ 27 हॉर्सपॉवर होतात, कारण दोन्ही मापे शक्तीचीच आहेत.

तेव्हा लिहिताना ‘50 किलोवॅट-तासांची बॅटरी’ असे लिहा, मधली जोडरेघ ठेवा. जोडरेघ नको असेल तर ‘50 युनिटची’ म्हणा, घराघरांत कळेल. आणि बोटीचा विषय निघालाच आहे तर ‘नॉट प्रति तास’ही टाकून द्या. नॉट म्हणजे दोरीची गाठ. 47 फूट 3 इंचांवर एकेक गाठ मारलेली दोरी जहाजाच्या मागे सोडत आणि 28 सेकंदांची वाळू सरेपर्यंत हातातून किती गाठी गेल्या ते मोजत. म्हणजे वेळ त्या गाठीतच बांधलेला आहे. एक नॉट म्हणजे ताशी 1,852 मीटर. आदित्यचा कमाल वेग साडेसात नॉट, ताशी 14 किलोमीटरच्या आसपास.