माइनक्राफ्टमध्ये पुन्हा पुन्हा मिळणारं साहित्य: सुरुवात कशापासून करावी?

तुम्ही विचारलंय की माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या (ब्लॉकच्या) खेळात बांधकाम करताना लाकूड, दगड आणि कोळसा सारखा कमी पडतो, घराभोवतीचं रान पार बोडकं झालंय, खाणीत उतरायचा कंटाळा आलाय. तर कुठल्या गोष्टी खरंच कायम मिळत राहतात आणि आधी काय लावावं?

माझं उत्तर झाडं, आणि तीही घराला अगदी लागून. पुढची प्रत्येक गोष्ट आधीच्या गोष्टीतून निघेल अशा क्रमाने लावत जा. खेळाच्या जावा आवृत्तीतलं (दुसरी आवृत्ती बेडरॉक) जग प्रत्येक दिशेला जवळपास 3 कोटी ब्लॉक पसरलेलं आहे, तेव्हा लाकूड किंवा दगड जगातून संपायची भीती नाही. खर्च होतो तो तुमच्या पायपिटीत. हाताशी उगवणाऱ्या साहित्याची खरी किंमत मला तिथेच दिसते.

ओकच्या पानांचा प्रत्येक ब्लॉक गळताना रोप पडायची शक्यता 5 टक्के असते, म्हणजे एका झाडाखाली एखाद-दुसरं रोप तरी बहुधा मिळतंच. मात्र मी सुरुवातीला बर्च लावायला सांगेन. ओकला कधीकधी आडव्यातिडव्या फांद्या फुटून मोठं झाड होतं आणि ते तोडताना वर चढत बसावं लागतं. बर्च कायम सरळच वाढतो. रोपांमध्ये थोडी जागा सोडा आणि मधे टॉर्च लावा, म्हणजे ती रात्रीही वाढतील. खोड पूर्ण तोडलं की पानं आपोआप गळतात, त्यासाठी हात चालवायची गरज नाही. लोखंड हाताशी आलं की स्प्रूसची चार रोपं चौकोनात लावा. एकेका झाडातून इतकं लाकूड निघतं की कुऱ्हाड झिजायची चिंता लागते.

आता कोळसा. लाकडाचा ओंडका भट्टीत भाजला की चारकोल मिळतो आणि एका चारकोलवर 8 वस्तू भाजून होतात, खाणीतल्या कोळशाइतक्याच. म्हणजे 8 ओंडक्यांतून 8 चारकोल, त्यातला एक पुढच्या खेपेच्या जळणाला, बाकी 7 तुमचे. एक चारकोल आणि एक काठी यांतून 4 टॉर्च होतात. दोन ठिकाणी मात्र चारकोल चालत नाही: त्याचा कोळशासारखा ठोकळा बनत नाही आणि व्हिलेजर (खेळातल्या गावांतले लोक) तो विकत घेत नाहीत. तरी एवढ्यासाठी खाणीत जाणं मला पटत नाही.

पाण्याचं काम चुटकीसरशी होतं. दोन बाय दोनचा, एक ब्लॉक खोल खड्डा खणा आणि समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत एकेक बादली ओता. त्यातून कितीही पाणी उपसा, खड्डा पुन्हा भरतो.

दगडासाठी एका रेषेत चार ब्लॉकची चर खणा. दुसऱ्या ब्लॉकखाली आणखी एक ब्लॉक खोल करा. पहिल्या जागी पाणी, चौथ्या जागी लाव्हा. पाणी दुसऱ्या जागेवरून खालच्या खड्ड्यात पडतं, लाव्हा वाहत तिसऱ्या जागेवर येतो, पाण्याला टेकतो आणि तिथे कॉबलस्टोन (ओबडधोबड दगड) तयार होतो. तो फोडला की लगेच नवा. पाणी आधी ओता, लाव्हा नंतर. आणि पाणी थेट लाव्हाच्या मूळ ब्लॉकवर येऊ देऊ नका, कारण मग त्याचा ऑब्सिडियन (अतिशय कठीण काळा दगड) होतो आणि लाव्हा गेला. तसं झालंच तरी लाव्हाही पुन्हा मिळवता येतो. ब्लॉकच्या वर लाव्हा ठेवा, त्याच ब्लॉकच्या खालच्या बाजूला टोकदार ड्रिपस्टोन (गुहेतला लटकणारा दगड) लटकवा आणि त्याखाली कढई ठेवा. साधारण 20 मिनिटांत, म्हणजे खेळातल्या एका दिवसात, कढई भरते. ही सोय 2021 च्या 1.17 अपडेटमध्ये आली आणि माझ्या मते ती आल्यापासून जळणाचा प्रश्नच मिटला, कारण एका बादली लाव्हावर 100 वस्तू भाजतात. अशा पाच-सहा कढया ओळीने लावा.

शेतीकडे वळण्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण बहुतेक जण इथे वैतागतात. खेळात रोपं घड्याळ लावून वाढत नाहीत. जग 16×16×16 ब्लॉकच्या तुकड्यांत विभागलेलं असतं. सेकंदाला 20 टिक (खेळाच्या घड्याळाचे ठोके) होतात, आणि जावा आवृत्तीत दर टिकला प्रत्येक तुकड्यातले 3 ब्लॉक चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडले जातात. निवडलेल्या ब्लॉकमध्ये रोप असेल तर त्याला वाढायची संधी मिळते. एका तुकड्यात 4,096 ब्लॉक असल्यामुळे एकेका ब्लॉकची पाळी सरासरी 68 सेकंदांनी येते. उसाला एक पेर चढायला अशा 16 पाळ्या लागतात, म्हणजे सुमारे 18 मिनिटं. शिवाय ही निवड साधारणपणे खेळाडूच्या आसपासच्या भागातच होते. तुम्ही लांब किल्ला बांधत बसलात तर घरामागचा ऊस जिथल्या तिथे थांबतो. म्हणून शेत तिथेच लावा जिथे तुम्ही सगळ्यात जास्त वेळ असता: भट्टीपाशी, चेस्टपाशी, चालू बांधकामापाशी. यंत्रं आणि पिस्टन नंतरही जोडता येतील, जागा मात्र आधीच नीट निवडायला हवी.

ऊस वाळूत लवकर वाढतो असं अजूनही सांगितलं जातं. ते खरं नाही. माती असो की वाळू, वेग तोच. त्याला फक्त शेजारी पाणी लागतं. तो तीन पेरांपर्यंत वाढतो. खालचं पेर ठेवून वरची दोन तोडा, मग पुन्हा लागवड करावीच लागत नाही. गव्हासाठी नऊ बाय नऊच्या वाफ्यात मधोमध एक पाण्याचा ब्लॉक ठेवला की भोवतीचे 80 ब्लॉक ओले राहतात. वाफ्यावर उड्या मारू नका, माती तुडवली जाते आणि पीक उखडतं.

आता माझा सगळ्यात आवडता भाग, व्हिलेजर. इथे तुमच्या झाडांचं आणि उसाचं चीज होतं. बाण बनवणारा व्हिलेजर, म्हणजे फ्लेचर, 32 काठ्यांना एक एमराल्ड (व्हिलेजरचं चलन) देतो. 32 काठ्यांना 16 फळ्या लागतात, म्हणजे फक्त 4 ओंडके! पुस्तकं विकणारा लायब्रेरियन 24 कागदांना एक एमराल्ड देतो आणि कागद उसातून येतो. त्याच एमराल्डवर क्लेरिक या पुजारी व्हिलेजरकडून रेडस्टोन (यंत्रं चालवणारी लाल पूड) आणि लॅपिस (जादू चढवायला लागणारा निळा खडा) मिळतं, तर हत्यारं आणि चिलखत बनवणारे व्हिलेजर वरच्या पातळीला पोचले की जादू चढवलेली हिऱ्याची हत्यारं आणि चिलखतं विकतात. बर्चच्या चार ओंडक्यांपासून निघालेली साखळी हिऱ्याच्या कुदळीपर्यंत पोचते. या खेळाची रचना किती विचारपूर्वक केली आहे हे मला इथे दर वेळी जाणवतं. व्हिलेजरला त्याच्या कामाचं टेबल जवळ हवं, तरच तो दिवसातून दोनदा माल पुन्हा भरतो.

लोखंडही असंच मिळवता येतं. आयर्न गोलेम (गावाचं रक्षण करणारा लोखंडी पुतळा) मेला की 3 ते 5 लोखंडाच्या विटा पडतात आणि घाबरलेले व्हिलेजर नवा गोलेम बोलावतात. जावामध्ये तीन व्हिलेजर, त्यांच्या खाटा, आणि त्यांना दिसेल पण त्यांच्यापर्यंत पोचू शकणार नाही असा एक झाँबी एवढं पुरतं. झाँबीवर छप्पर घाला, नाहीतर उन्हात जळून जाईल, आणि त्याला नेमटॅग (नावाची चिठ्ठी) लावा, म्हणजे तो गायब होणार नाही. गोलेमला स्वतः मारत बसू नका. लाव्हाने किंवा उंचावरून पाडून मरू द्या.

बाकीचं थोडक्यात. तांबं ड्राउंडकडून (पाण्यातले झाँबी), सोनं झाँबिफाइड पिग्लिनकडून (डुकरासारखे झाँबी), बोनमील (हाडांचं खत) सांगाड्यांकडून किंवा कंपोस्टरमधून (खताचा डबा). बोनमीलसाठी मॉसही (शेवाळाचा ब्लॉक) फार कामाचं आहे: मॉसवर बोनमील टाकलं की आजूबाजूच्या दगडाचं मॉस होतं, ते कंपोस्टरमध्ये घातलं की खर्च केलं त्याहून जास्त बोनमील परत येतं. फक्त कॉबलस्टोन त्यासाठी चालत नाही, तो भाजून साधा दगड करून घ्यावा लागतो.

न उगवणाऱ्या गोष्टी मोजक्याच, पण महत्त्वाच्या: हिरे आणि एन्शंट डेब्री (ज्यापासून नेदराइट हा सगळ्यात मजबूत धातू बनतो). हिऱ्याची कुदळ किंवा चिलखत व्हिलेजरकडून घ्या आणि स्वतःचे हिरे राखून ठेवा, कारण हिऱ्याची वस्तू नेदराइटची करायला लागणाऱ्या टेम्प्लेटची (साच्याची) एक प्रत काढायला 7 हिरे जातात. खाणीत हिऱ्याच्या खनिजाचा ब्लॉक दिसला तर फॉर्च्यून 3 (जास्त माल पाडणारी जादू) चढवलेली कुदळ येईपर्यंत तो फोडू नका. तिने एका ब्लॉकमागे सरासरी 2.2 हिरे मिळतात.

तुम्ही बेडरॉकवर खेळत असाल तर वरचं बरंचसं तसंच लागू आहे, पण लोखंडाचा फार्म वेगळा बांधावा लागेल. तिथे निदान 20 खाटा आणि 10 व्हिलेजर असलेलं गाव हवं, आणि त्यातले बहुतेक कामाला लागलेले हवेत. उसावर बोनमील मात्र तिथे चालतं, जावात चालत नाही. कुठल्या आवृत्तीवर खेळता ते कळवलंत तर लोखंडाच्या फार्मची मांडणी ब्लॉक-ब्लॉकने लिहून देईन.