बांधावरची तार

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा रात्री तुझा फोन आला तेव्हा मी फार बोललो नाही, कारण संतापलेल्या माणसाला फोनवर समजावण्यात अर्थ नसतो आणि तुझा संताप खोटाही नव्हता. दोन दिवस मात्र तुझे एक वाक्य मनातून जात नाही. "काका, बांधावर एक तार ओढतो, रात्री दहाला डायरेक्ट लाइनचा करंट सोडतो आणि पहाटे पाचला काढून घेतो, एक जण चिकटला की पुन्हा बागेकडे बघायची कोणाची हिंमत होणार नाही," असे तू म्हणालास. विद्युत निरीक्षण खात्यातील माझ्या नोकरीत हे वाक्य मी अनेक शेतकऱ्यांच्या तोंडून ऐकले आहे. प्रत्येक वेळी ते घटना घडून गेल्यानंतर, खाली मान घालून उच्चारलेले असे. या वेळी ते आधी ऐकायला मिळाले, म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहे.

प्रथम तुझ्या नुकसानीविषयी. जमिनीपासून हातभर उंचीवर, एकाच रात्रीत, तुझ्या द्राक्षबागेच्या तीन ओळींतली दोनशे चाळीस खोडे करवतीने कापलेली आहेत आणि वर मांडवावर घड जसेच्या तसे लटकत आहेत, हे तू सांगितलेस तेव्हा ते चित्र माझ्या डोळ्यांपुढे उभे राहिले. कापलेली वेल पहिल्या दिवशी काहीच सांगत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी पाने खाली मान टाकतात आणि मग समजते की मुळांशी नाते तुटलेले आहे. मुळांसाठी डॉगरिज जातीचा खुंट लावणे, त्यावर द्राक्षाचे कलम भरणे, ओलांडे म्हणजे आडव्या फांद्या वळवणे, दोन छाटण्यांची गणिते आणि सोसायटीचे कर्ज हे सगळे ज्याने केले आहे, त्याच्या हानीला कागदावर "मालमत्तेचे नुकसान" म्हणतात, आणि तो शब्द मला नेहमीच तोकडा वाटत आला आहे. ज्याने हे केले त्याला शिक्षा व्हावी असे मलाही मनापासून वाटते.

पण तुझ्या तारेला ती शिक्षा देता येणार नाही, कारण तार माणूस ओळखत नाही. रात्री दहा ते पहाटे पाच या वेळात तुझ्या बांधावरून कोण चालते, याचा शांतपणे विचार कर. शेतीच्या थ्री फेज विजेची पाळी ज्या आठवड्यात रात्रीची असते, त्या आठवड्यात शेजारचा माणूस कांद्याला पाणी भरायला त्याच बांधावरून जातो. सुटलेल्या वासरामागे धावणारे पोर, कामाला पहाटे लवकर निघालेल्या मजूर बायका, आणि झोप लागत नाही म्हणून बागेत एक फेरी मारून येणारे तुझे वडील, हे सगळे त्याच वाटेवरचे आहेत. उलट ज्याने तुझी खोडे कापली, त्याला तुझ्या बागेच्या ओळी, कुत्र्याची जागा आणि तुझी झोपण्याची वेळ ठाऊक होती. अन्यथा करवत घेऊन तो इतका वेळ निर्धास्त बसला नसता. गावातली तार गावापासून लपत नाही. ज्याच्यासाठी ती ओढायची, त्यालाच तिचा सुगावा सर्वांत आधी लागतो आणि तो दुसऱ्या बाजूने येतो.

एक जागा मी विसरू शकत नाही. गाव आणि साल सांगत नाही, कारण ती माणसे अजून हयात आहेत. मक्याच्या शेताभोवती बांबूच्या खुंट्या ठोकून गुडघ्याइतक्या उंचीवर बांधकामाची बाइंडिंग वायर ओढलेली होती आणि तिचे एक टोक खोपटातल्या फ्यूजपाशी जोडलेले होते. मी पोहोचलो तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते. प्रवाह केव्हाच बंद केलेला होता, तरी पंच मंडळी तारेपासून चार पावले दूर उभी होती. चिखलात एक बॅटरी पडलेली होती आणि ती तशा लख्ख उन्हातही जळत होती. ती विझवायचे कोणालाच सुचले नव्हते. मयत मुलगा एकोणीस वर्षांचा होता, तारेच्या मालकाच्या सख्ख्या चुलतभावाचा मुलगा, आणि तो आपल्या वाट्याचे पाणी वळवायला आडवाटेने निघाला होता. त्याच्या उजव्या हाताची बोटे मिटलेलीच राहिली होती. मालक पुन्हा पुन्हा एवढेच म्हणत होता की मी रोज पाचला बंद करतो, आज जरा डोळा लागला. त्या दोन घरांना एकच अंगण होते. रानडुकरे आणि चोर या दोघांसाठी ती तार होती, असे त्याने जबाबात लिहून दिले.

तू म्हणशील की मी प्रवाह सौम्य ठेवीन, केवळ धक्का बसेल इतकाच. विजेच्या बाबतीत हा विचार सर्वांत फसवा आहे, म्हणून थोडे खोलात जातो. तुझ्या घरात येणारी वीज २३० व्होल्टची आहे. कोरड्या कातडीचा अवरोध हजारो ओहम असतो, पण दहिवराने भिजलेले गवत, अनवाणी पाय आणि घामेजलेला हात असेल तर तोच अवरोध हजार ओहमच्या आसपास उतरतो, आणि मग शरीरातून दोनशेहून अधिक मिलिॲम्पिअर प्रवाह जाऊ शकतो. दहा ते वीस मिलिॲम्पिअरलाच स्नायू असे आखडतात की धरलेली तार सोडता येत नाही, आणि घरातले गळतीरोधक उपकरण तीस मिलिॲम्पिअरला वीज तोडते ते उगाच नव्हे. दुपारी बोट लावून तू ज्या तारेची "चाचणी" घेशील, तीच तार पहाटे जीव घेईल. तारेवर किती व्होल्ट सोडायचे हे तुझ्या हातात असेल. समोरच्याच्या अंगातून किती प्रवाह जाईल हे त्याच्या चपला, ओल आणि नशीब ठरवते. बाजारात मिळणारे झटका मशीन ही वेगळी गोष्ट आहे. त्याचा दाब काही हजार व्होल्टचा असला तरी झटका सेकंदाला साधारण एकच आणि क्षणमात्र असतो, म्हणून जनावर किंवा माणूस हात सोडवून घेऊ शकतो. प्रमाणित यंत्र, स्वतंत्र बॅटरी आणि दिसतील असे फलक लावून ते जनावरांसाठी वापरायला माझी हरकत नाही. मात्र यंत्र बिघडले की तीच तार थेट लाइनला जोडण्याचा मोह कसा होतो, हे मी पाहिलेले आहे.

आता कायद्याविषयी. बिहारमधील एका खटल्यात नेमके हेच घडले होते. शेजारच्या घराच्या शौचालयाची भिंत पडल्यामुळे तिथली माणसे आरोपीच्या शौचालयात जाऊ लागली. त्याने तोंडी बजावले, ते कोणी ऐकले नाही, तेव्हा त्याने शौचालयाच्या वाटेवर तांब्याची उघडी तार लावून तीत वीज सोडली. एक स्त्री आत जाताना वाचली. बाहेर येताना तिचा हात तारेला लागला आणि ती मरण पावली. "चेरुबिन ग्रेगरी विरुद्ध बिहार राज्य" या नावाने तो निकाल कायद्याच्या पुस्तकांत आहे. आरोपीने खासगी बचावाच्या हक्काचा आधार घेतला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो नाकारला. विनापरवाना जागेत शिरणारा माणूस म्हणजे कोणीही मारावा असा कायद्याबाहेर टाकलेला जीव नव्हे. त्याला हाताने इजा करण्याचा अधिकार मालकाला नाही, आणि म्हणून जमिनीवर काही मांडून ठेवून आडमार्गाने गंभीर इजा करण्याचाही नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. तेव्हा निष्काळजीपणाने मृत्यू घडवण्याला दोन वर्षांपर्यंत कैद होती. भारतीय न्याय संहितेत ती पाच वर्षांपर्यंत आहे. तार जीव घेऊ शकते हे ठाऊक असताना ती ओढली असे सिद्ध झाले, तर सदोष मनुष्यवधाचे कलम लागू शकते.

स्वतःच्या मालमत्तेचे रक्षण करण्याचा हक्क कायदा तुला देतोच, हे मी नाकारत नाही. नव्या संहितेची ३४ ते ४४ ही कलमे त्यासाठीच आहेत. जबरी चोरी, रात्रीची घरफोडी, राहत्या घराला किंवा माल ठेवायच्या जागेला आग लावणे, किंवा जिवाची अथवा जबर दुखापतीची रास्त भीती वाटावी अशा प्रकारे केलेली चोरी आणि नासधूस, अशाच प्रसंगी तो हक्क हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत पोहोचतो. उभ्या वेली कापणाऱ्याला तू प्रत्यक्ष पकडलेस तर त्याला रोखण्यापुरते बळ वापरू शकतोस, त्याहून अधिक नाही. शिवाय, सरकारी यंत्रणेकडे धाव घेण्याइतका वेळ असेल तर हा हक्क उरत नाही, अशी अट त्याच कलमांत आहे, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. ज्याला खुंट्या ठोकायला आणि तार ओढायला अख्खी संध्याकाळ मिळाली, त्याला पोलीस ठाण्यात जायलाही ती संध्याकाळ मिळालेली असते. बचाव हा समोर उभ्या असलेल्या संकटाचा असतो. तार ओढणारा माणूस मात्र अजून न घडलेल्या गुन्ह्याची, अजून न आलेल्या माणसाला, आपण झोपेत असताना शिक्षा देऊन ठेवतो.

अमेरिकेतल्या आयोवा राज्यातही एका शेतकरी जोडप्याने असाच विचार केला होता. वारशाने आलेल्या रिकाम्या शेतघराच्या खिडक्या लोक वर्षानुवर्षे फोडत आणि सामान नेत. फलक लावून, फळ्या ठोकून काही उपयोग झाला नाही, तेव्हा १९६७ मध्ये त्यांनी आतल्या खोलीत, दार उघडताच गोळी सुटेल अशी बंदूक बांधली. बायकोच्या सांगण्यावरून नळी पोटाऐवजी पायांच्या रोखाने खाली केली, म्हणजे माणुसकी अगदीच सुटली नव्हती. जुन्या बाटल्या शोधायला शिरलेल्या एकाचा पाय त्या गोळीने निकामी झाला. १९७१ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने जोडप्याविरुद्धचा तीस हजार डॉलर भरपाईचा निर्णय कायम केला आणि ती फेडण्यात त्यांची ऐंशी एकर जमीन गेली. पडक्या घराच्या रक्षणापायी पिकती जमीन गेली, हे वाचताना मला तुझ्या सातबाऱ्याची आठवण झाली.

तुझ्या बोलण्यात दुसराही एक बेत होता. चार मित्रांनी काठ्या घेऊन रात्रभर बसायचे आणि सापडेल त्याला "आधी धुऊन काढायचे". पहारा अवश्य दे, पण बरोबर एखादा पोक्त माणूस असू दे आणि पोलीस पाटलांना आधी कळव. काळोखात जमलेल्या घाबरलेल्या माणसांना दिसेल तो चोर वाटतो. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे चोर फिरत असल्याच्या अफवांतून जमावाने दोन साधूंना आणि त्यांच्या गाडीच्या चालकाला ठार केले. त्या जमावातील बहुतेकांना आपण गावाचे रक्षण करत आहोत असेच वाटत असणार. घडांवर विष मारून ठेवण्याचे जे कोणी तुला सुचवले, त्याच्याशी तर या विषयावर पुन्हा बोलूही नकोस.

आता करायचे काय, तेही सांगतो, कारण नुसते "करू नकोस" म्हणणारा म्हातारा कोणाच्या उपयोगाचा नसतो. तुझी तक्रार किरकोळ म्हणून नोंदवून घेतली, याचा तुला राग आहे आणि तो रास्त आहे. पण नुकसानीचा आकडा तू तोंडी सांगितलास, कागदावर दिला नाहीस. कायद्याच्या मराठीत ज्याला आगळीक म्हणतात, त्या गुन्ह्याची शिक्षा नुकसानीच्या रकमेवर ठरते. वीस हजार ते एक लाखापर्यंत दोन वर्षे, आणि लाख किंवा त्याहून अधिक असेल तर पाच वर्षांपर्यंत कैद. म्हणून कृषी सहायक आणि तलाठी यांच्यासमोर खोडांची मोजणी कर, प्रत्येक ओळीचे छायाचित्र घे, लागवडीच्या आणि कलमांच्या पावत्या जोड, आणि तो पंचनामा नव्या लेखी फिर्यादीसोबत दे. कापलेल्या खोडांचे दोन-तीन तुकडे करवतीच्या खुणांसह वेगळे बांधून ठेव. कलमाच्या वर काप असेल तर त्या खोडाला फूट घेता येईल, म्हणून सगळी उपटून टाकण्याची घाई करू नकोस.

तार ओढायचीच असेल तर घंटेची ओढ. बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारी, पाय लागताच घरात घंटा वाजवणारी आणि बांधावरचा दिवा लावणारी तार मी तुला स्वतः जोडून देईन. तीही सापळाच आहे, पण ती तुला उठवते, आणि उठून समोर कोण आहे ते पाहण्याचे काम तुझ्याकडे राहते. सिम कार्डवर चालणारा सौर कॅमेरा वाटेच्या तोंडाशी लाव. आणि ज्याच्यावर तुझा संशय आहे, त्याचे नाव गावात घेऊ नकोस. त्याच्याशी बांधाचा जो वाद आहे, त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज दे. तुझ्या वडिलांनी तो अकरा वर्षे टाळला, हे त्यांनीच मला सांगितले आहे.

रविवारी सकाळच्या गाडीने मी येत आहे. मीटर आणि घंटेचे सामान माझ्याजवळ आहे, तू फक्त बॅटरी भरून ठेव. वीस किलो तारेचे जे बंडल आणून ठेवले आहेस, ते तोवर घरातच असू दे. माझ्या परसात दोडक्याच्या वेलाला मांडव घालायचा राहिला आहे, तेव्हा परत जाताना ते मी घेऊन जाईन.

तुझा,
काका