वाचकांचे प्रश्न : स्वतः बांधलेले विमान एका बाजूला का कलते?

प्रश्न : भोसरीतल्या एका शेडमध्ये आम्ही तिघा मित्रांनी शेजारी-शेजारी दोन आसने असलेले अॅल्युमिनियमचे विमान किटवरून बांधले. चाचणी-उड्डाणांत स्टिक (वैमानिकाच्या हातातला नियंत्रण-दांडा) सोडली की त्याचा डावा पंख हळूहळू खाली जातो. डाव्या एलेरॉनच्या (पंखाच्या मागच्या बाजूच्या, विमान कलवणाऱ्या हलत्या भागाच्या) मागच्या कडेला पत्र्याची पट्टी लावून ती वर वाकवावी, असा सल्ला एका परिचिताने दिला आहे. तसे करावे का? — एक वाचक, चिंचवड

उत्तर : सल्ल्यातली दिशा बरोबर आहे. वर वाकवलेली पट्टी हवेच्या दाबाने एलेरॉनला खाली ढकलते आणि एलेरॉन खाली गेला की तो पंख उचलला जातो. तरीही पट्टी हा शेवटचा उपाय आहे, कारण ती दोष दूर करत नाही, तर त्याच्या विरुद्ध दुसरे बल उभे करते. शिवाय हे बल वेगानुसार बदलते. त्यामुळे एका वेगाला बसवलेली पट्टी दुसऱ्या वेगाला कमी तरी पडते किंवा जास्त तरी होते.

सर्वप्रथम हा दोष विमानाचा आहे की वजनाच्या मांडणीचा, हे ठरवावे लागेल. आपण पत्रात लिहिले आहे की चाचणीच्या वेळी वैमानिक डाव्या आसनावर एकटाच असतो. 75 किलोचा माणूस मध्यरेषेपासून 28 सेंटिमीटर डावीकडे बसला, तर विमानाला डावीकडे कलवणारा सुमारे 21 किलोग्रॅम-मीटरचा (वजन गुणिले अंतर) परिणाम एकट्या त्याच्यामुळे होतो. पंखातल्या टाकीचा मध्य मध्यरेषेपासून दीड मीटरवर धरला, तर डाव्या टाकीत 20 लिटर, म्हणजे साधारण साडेचौदा किलो, पेट्रोल जास्त असले तरी जवळपास तेवढाच परिणाम होतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडत असतील, तर पंखात काहीही चूक नसताना विमान डावीकडे कलणारच. म्हणून दोन्ही टाक्या डिपस्टिकने मोजून सारख्या भराव्यात आणि आसनावरच्या वजनाची नोंद ठेवून सकाळच्या शांत हवेत पुन्हा उड्डाण करावे. पुण्यात मार्च ते मे या काळात सकाळी नऊनंतर जमीन तापू लागते आणि हवा इतकी हलते, की बारीक कल ओळखणे अवघड होते.

त्यानंतर रडर (शेपटीचा नाक डावी-उजवीकडे वळवणारा उभा हलता भाग) पाहावे. वैमानिकाच्या आसनावरून पाहता आपला प्रोपेलर घड्याळाच्या दिशेने फिरत असेल, तर अधिक शक्ती आणि कमी वेग असताना विमानाचे नाक डावीकडे वळू पाहते. नाक डावीकडे वळले की समोरची हवा थोडी उजवीकडून येते. पंखांना वरच्या बाजूस कोन दिलेला असल्याने उजवा पंख अधिक उचलला जातो आणि डावा खाली जातो. म्हणजे दोष नाकाच्या दिशेचा असतो, पण दिसतो पंखात. अशा वेळी घसरण दाखवणाऱ्या यंत्रातला बॉल उजवीकडे सरकलेला असतो. उजवे पेडल दाबून बॉल मध्ये आणावा आणि मग स्टिक सोडून पाहावी. आता पंख सरळ राहिले, तर पट्टी एलेरॉनला नव्हे, तर रडरला हवी, आणि ती डावीकडे वाकवलेली हवी. मात्र त्याआधी विमान जमिनीवर पाणसळीने आडवे समपातळीत आणून बॉल खरोखर मध्ये राहतो का, ते तपासावे, कारण पॅनेलमध्ये ते यंत्रच तिरपे बसलेले असू शकते. हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरमध्ये ज्यांनी ग्लायडर जवळून पाहिले आहे, त्यांना कॅनॉपीवर (वैमानिकावरच्या पारदर्शक झाकणावर) चिकटवलेला, हवा कोणत्या बाजूने येते ते दाखवणारा लोकरीचा धागा आठवेल. ग्लायडरवर त्याच्याइतके प्रामाणिक साधन दुसरे नाही. आपल्या विमानात मात्र काचेवर प्रोपेलरचा पिळदार झोत येत असल्याने तो धागा चुकीची दिशा दाखवेल.

बॉल मध्ये असूनही पंख खाली जातच असेल, तर मोजमापाला पर्याय नाही. ओळंबा, डिजिटल कोनमापक आणि एक सरळ लाकडी पट्टी घेऊन दोन्ही पंखांचा बसवणीचा कोन मुळाशी, मध्ये आणि टोकाशी मोजावा. दोन्हीकडे मापे अगदी त्याच रिबवर (पंखाच्या आतल्या फासळीवर) घ्यावीत. अर्ध्या अंशाचा फरकसुद्धा हाताला जाणवतो. नंतर फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेचे, उतरताना खाली करायचे भाग) पूर्ण वर घेऊन पाहावेत. उजवा फ्लॅप दोन-तीन मिलिमीटर खाली लोंबत असेल, तर तो उजवा पंख उचलत राहतो आणि आपल्याला डावा पंख जड वाटतो. हा दोष फ्लॅप हलवणाऱ्या रॉडच्या टोकाची आटी फिरवून अर्ध्या तासात निघतो. एलेरॉनच्या बिजागऱ्या दोन्हीकडे सारख्या उंचीवर आहेत का आणि मागच्या कडेची जाडी सारखी आहे का, हेही व्हर्नियरने पाहावे. पत्रा वाकवताना एक कड फुगीर राहून गेलेली असते आणि रंगकामानंतर ती डोळ्यांना दिसत नाही. चाकांवरची आवरणे तिरपी बसली असतील, तर तीही रडरचे काम करतात. माझ्या पाहण्यातल्या एका विमानाला रडरची पट्टी लावून झाली होती. नंतर डाव्या चाकाचे आवरण दोऱ्याने सरळ करून बसवले आणि ती पट्टी काढून टाकावी लागली.

एवढे करूनही थोडा कल उरला, तरच पट्टी लावावी. पट्टी कायमची रिव्हेट करण्याआधी एक गोष्ट कृपया गांभीर्याने घ्यावी. एलेरॉनच्या मागच्या कडेला वाढलेले प्रत्येक ग्रॅम वजन, मग ते पट्टीचे असो, खाचा भरायच्या लांबीचे (पुट्टीचे) असो किंवा रंगाच्या जास्तीच्या थराचे, एलेरॉनचा तोल बिघडवते. तोल बिघडलेले नियंत्रण-पृष्ठ जास्त वेगात फडफडू लागले, तर काही क्षणांत ते तुटून जाऊ शकते. पट्टी लावल्यावर एलेरॉन काढून, आराखड्यात सांगितल्याप्रमाणे बिजागरीवर टांगून त्याचा तोल पुन्हा तपासलाच पाहिजे. हा बदल लॉगबुकात नोंदवावा आणि आपल्या उड्डाण-परवान्याच्या अटींनुसार त्याची तपासणी करून घ्यावी.

प्रश्न : कॅनॉपी डिसेंबरात बसवली आणि जानेवारीच्या एका सकाळी एका स्क्रूपासून तिला तडा गेला. विमान शेडमध्येच होते, कोणी हातही लावला नव्हता. — एक वाचक, कोथरूड

उत्तर : हात लावायची गरजच नव्हती. कॅनॉपीची काच म्हणजे अॅक्रिलिक हे पारदर्शक प्लास्टिक असते. ते दर अंश सेल्सिअसला मीटरमागे सुमारे 0.07 मिलिमीटर प्रसरण पावते आणि अॅल्युमिनियम त्याच्या साधारण एक-तृतीयांश. 1.2 मीटर लांबीच्या कडेवर 30 अंशांचा फरक पडला, तर काच आणि चौकट यांच्यात दीड मिलिमीटरहून अधिक तफावत होते. पुण्यात जानेवारीची पहाट आणि एप्रिलची दुपार यांत एवढा फरक सहज पडतो. भोक स्क्रूच्या मापाचेच असेल, तर आकसणाऱ्या काचेला सरकायला जागा उरत नाही आणि ती भोकाच्या कडेपासून फाटते.

चार मिलिमीटरच्या स्क्रूसाठी भोक निदान पाच ते साडेपाच मिलिमीटरचे असावे, मध्ये मऊ वॉशर असावा आणि स्क्रू आवळून न टाकता बेताने बसवावा. नेहमीचा ड्रिल बिट अॅक्रिलिकमध्ये घुसतो आणि आरपार निघताना खालचा पापुद्रा उडवतो. म्हणून त्याची धार घासून बोथट करावी, म्हणजे तो कापण्याऐवजी खरवडतो. खाली लाकूड घट्ट धरावे. कापाकापी उबदार खोलीत करावी आणि कापलेली कड पॉलिश पेपरने नखाला ओरखडा लागणार नाही इतकी गुळगुळीत करावी, कारण तडा तिथूनच सुरू होतो. स्क्रू ढिला होऊ नये म्हणून वापरायचे द्रव लॉकर आणि थिनर काचेजवळही नेऊ नये. त्यांनी अॅक्रिलिकमध्ये बारीक जाळीदार चिरा पडतात. सध्याच्या तड्याच्या अगदी टोकावर तीन मिलिमीटरचे भोक पाडले, तर तो पुढे सरकणे थांबते. पण तडा वैमानिकाच्या नजरेच्या रेषेत असेल किंवा चौकटीचा भार घेणाऱ्या भागात असेल, तर काच बदलावी. तेवढा खर्च टाळण्यासारखा नाही.

प्रश्न : मागचा ट्रिम (स्टिक न ओढता नाक वर ठेवणारी सोय) पूर्ण वापरला तरी स्टिक ओढून धरावी लागते. ट्रिमचा टॅब (एलिव्हेटरच्या मागच्या कडेची छोटी हलती पट्टी) मोठा करावा का? — एक वाचक, तळेगाव

उत्तर : आधी विमान तीन वजनकाट्यांवर ठेवून गुरुत्वमध्य काढावा. तो पुढच्या मर्यादेच्या पलीकडे गेला असेल, तर टॅब मोठा करण्यापेक्षा बॅटरीसारखे वजन मागे हलवणे हाच उपाय आहे. गुरुत्वमध्य मर्यादेत असेल, तर टॅबची हालचाल कोनमापकाने मोजावी. नाक वर येण्यासाठी टॅब खाली गेला पाहिजे आणि अनेकदा दांड्याच्या चुकीच्या लांबीमुळे तो अर्ध्यावरच अडतो. तेही ठीक असेल, तर सरळ उड्डाणात एलिव्हेटरची (शेपटीच्या आडव्या हलत्या भागाची) मागची कड त्याच्या पुढच्या स्थिर पृष्ठाच्या वर राहते का, ते सहवैमानिकाने पाहावे. राहत असेल, तर स्थिर पृष्ठाची पुढची कड किंचित खाली हवी आहे. तो बदल आराखडाकाराला विचारल्याशिवाय करू नये. टॅबच्या जोडणीत बोटाने हलवून जाणवण्याइतकीही ढिलाई असेल, तर पुढचे उड्डाण ती काढल्यावरच करावे.

प्रश्न : काऊलिंग (इंजिनावरचे आवरण) स्पिनरला (प्रोपेलरच्या मध्यावरच्या टोपीला) तंतोतंत जुळवून कापले होते. वीस तासांच्या उड्डाणांनंतर स्पिनर खाली बसल्यासारखा दिसतो. — एक वाचक, वारजे

उत्तर : इंजिन ज्या रबरी बुशांवर टांगलेले असते ती वजनाने दबतात आणि इंजिन पुढच्या बाजूने दोन-तीन मिलिमीटर खाली येते. त्यासाठी स्पिनर सुरुवातीलाच तेवढा वर ठेवायचा असतो. आता इंजिन-माउंटवर पातळ वॉशर घालून ही उंची परत मिळवता येईल. वॉशर कुठल्या बोल्टखाली घालायचे हे माउंटच्या आराखड्यावरून ठरवावे आणि नंतर काऊलिंग व स्पिनर यांच्यात सभोवार किमान पाच मिलिमीटर फट राहते का, ते इंजिन हाताने हलवून पाहावे. त्याआधी इग्निशन बंद असल्याची खात्री करून घ्यावी.