संशोधनाला आधी डॉक्टरच व्हावं लागतं का?

निपाणीहून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलीने पीसीएमबी (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित, बायॉलॉजी) घेऊन पीयूसी म्हणजे कर्नाटकातली बारावी केली, मेडिकल प्रवेशाची 'नीट' परीक्षा दोनदा दिली, दुसऱ्या वेळी 720 पैकी 318 पडले. आता तिसऱ्या वर्षाची क्लासची फी भरायची आहे. मुलगी मात्र स्टॅटिस्टिक्स (संख्याशास्त्र) घेऊन रोगांच्या संशोधनात जायचं म्हणते. 'डॉक्टर झाल्याशिवाय कसला रिसर्च? तुम्हीच समजवा तिला.'

समजवायचं आहेच, पण तुम्हाला. पत्रात 'घराण्यातला पहिला डॉक्टर' तीनदा आलाय आणि मुलीचं म्हणणं एका ओळीत, तेही तक्रार म्हणून. मला 318 चं एवढं वाटत नाही. मन नसलेला अभ्यास दोन वर्षं करूनही काय करायचंय ते ती नेमकं सांगते, अशी मुलं कमी असतात. तिसऱ्या वर्षानंतर कदाचित सांगायचंच सोडून देईल. पाहुण्यांना काय सांगायचं हा प्रश्न तुमचा आहे, त्यासाठी तिचं वर्ष का घालवायचं?

बीडीएस आणि आयुर्वेदालाही नीटच लागते, फार्मसी कर्नाटकच्या केसीईटी या प्रवेश परीक्षेतून मिळते. पण तिने यातलं काही मागितलेलंच नाही.

आता तुमचा गैरसमज. तोंडाचा कॅन्सर तपासून ओळखतो तो डॉक्टरच. पण कुठला आजार किती जणांना आहे, कुणाला धोका जास्त, लवकर तपासणीचा फायदा होतो का, हे ठरवायला आकडेवारीचा माणूस लागतो. समजा, तालुक्यात तंबाखूचं व्यसन साधारण 20 टक्के असेल असा अंदाज आहे आणि 4 टक्के इकडेतिकडे चालणार आहे. मग किती जणांना विचारायचं? सूत्रातला ठरलेला 4, गुणिले व्यसन असलेले 20, गुणिले नसलेले 80, भागिले चालणाऱ्या फरकाचा, म्हणजे 4 चा वर्ग: 400 माणसं. घरं गावागावांतून गठ्ठ्याने निवडली, तर बहुधा दुप्पट धरावी लागतात, कारण शेजारीपाजारी सवयी सारख्या असतात. सकाळी अकराला गेलात तर पुरुष कामावर, आकडा तिथेच घसरला. 'तंबाखू खाता का?' विचारलं की मिश्री लावणारी बाई सरळ 'नाही' म्हणते. मिश्री, गुटखा, बिडी वेगवेगळं विचारावं लागतं. तपासणीचंही तसंच. समजा, हजारात 10 जण आजारी आहेत. चाचणी त्यातले 9 पकडते, पण उरलेल्या 990 निरोग्यांपैकी 10 टक्के, म्हणजे 99 जणांनाही पॉझिटिव्ह ठरवते. 108 पॉझिटिव्ह, खरे आजारी 9. बाकीच्यांना उगाच धसका आणि पुढच्या तपासण्यांचा खर्च. चाचणी गावभर करावी की फक्त तंबाखू खाणाऱ्यांची, ते या हिशेबावर ठरतं. एमबीबीएसमध्ये हे शिकवतात, पण ओझरतं.

रस्ता असा: बी.एस्सी.ला स्टॅटिस्टिक्स आणि गणित दोन्ही, मग बायोस्टॅटिस्टिक्समध्ये, म्हणजे आरोग्याच्या आकडेवारीच्या शास्त्रात, एम.एस्सी. मुंबईत देवनारला आयआयपीएस या लोकसंख्या अभ्यासाच्या संस्थेत आहे, मणिपालला आहे. पीयूसीत गणित आहे, त्यामुळे अडचण नाही. फक्त बायोटेक्नॉलॉजी घेऊन 'पुढे बघू' म्हणू नका. गणित सुटलं की हा रस्ता बहुतेक बंद होतो. एक्सेलवर थांबू नये, पहिल्या वर्षापासून 'आर' (R) हे आकडेवारीचं सॉफ्टवेअर शिकावं, ते फुकट मिळतं.

बेळगावात आयसीएमआरची, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची, संस्था आहे, मेडिकल कॉलेजं आहेत, पदवीनंतर प्रोजेक्टवर कामं निघतात. तिथे खानापुरात मराठीत आणि गोकाकात कन्नडमध्ये तोच प्रश्न त्याच अर्थाने विचारता येणारा माणूस हवा असतो. तिला कन्नड नुसतं बोलता येत असेल, तर लिहायलाही आत्ताच शिकू दे.