माईक खाली जाऊ दे

बापू,

तुझं पत्र काल रात्री दोनदा वाचलं. विद्यापीठाच्या केंद्रात पत्रकारिता, राजकारण आणि अभिव्यक्ती स्वातंत्र्यावर व्याख्यानमाला भरवतोस, खेड्यापाड्यांतून लोक बोलावतोस, आणि मला विचारतोस काय, तर "प्रश्न चिठ्ठीवर घेऊ का? वरून तशी सूचना आहे." अडीच पानांत वक्ते आहेत, पोस्टरचा रंग आहे. प्रश्नांना किती वेळ, ते कुठंच नाही.

चिठ्ठी घेऊ नको. माईक खाली जाऊ दे.

चिठ्ठी आधी सूत्रसंचालकाच्या हातात जाते, मग अध्यक्षांच्या, मग घडी होऊन पुष्पगुच्छाखाली. शेतमजूर बाईनं शेजारच्या पोराला सांगून लिहून घ्यायचं, पोरानं त्याच्या भाषेत लिहायचं, आणि तुमच्या साहेबांनी ते "आशय घेऊन" वाचायचं. राहिलं काय त्यात तिचं?

हे सगळं मी स्वतः केलेलं आहे. 2006 साल. पंतप्रधान विदर्भात येऊन गेले होते, 6 जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचं पॅकेज निघालं होतं आणि जिकडेतिकडे परिसंवादांचं पीक आलं होतं. मी तालुका वार्ताहर. आमच्या गावात मीही एक घडवून आणला. मागच्या रांगेतून एक म्हातारा उठला. खांद्यावर दुपट्टा, हातात माझ्याच पेपरचं पान, घडीवर फाटलेलं. म्हणाला, "साहेब, पेपरात कापसाचा जो भाव छापता, तो मले काऊन नाई भेटत?"

उत्तर मला ठाऊक होतं. बाजार समितीतून फोनवर किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन आकडे मिळायचे. जागा कमी म्हणून मी कमाल तेवढा छापायचो. ओलावा 12 टक्क्यांच्या वर निघाला की सरकारी खरेदी केंद्रावरून गाडी परत येते आणि माणूस गावातल्याच व्यापाऱ्याला पडेल त्या भावात माल देऊन मोकळा होतो, हेही ठाऊक होतं. प्रश्न माझ्यावरच होता आणि माईक माझ्याच हातात. मी म्हणालो, "वेळेअभावी प्रश्नोत्तरं इथंच थांबवू."

वेळ होता रे. सत्काराला चाळीस मिनिटं दिली होती मी.

मंचावरच्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाची पुरवणी पुढच्या आठवड्यात निघायची होती. जाहिरातीचं कमिशन हाच आमचा पगार, आणि घरी दोन पोरं शिकत होती. कुणी माझ्या जागी असता तर त्यानंही तेच केलं असतं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. अजूनही कधी कधी सांगतो. पुढच्या हंगामापासून तिन्ही आकडे पाठवायला लागलो. डेस्कवाले दोन कापायचे, मी पुन्हा पाठवायचो. शेवटी कंटाळून छापू लागले. म्हातारा मात्र पुन्हा कुठल्या सभेला दिसला नाही.

तुझं 11 महिन्यांचं कंत्राट आहे आणि भीती कशाची आहे ते तू न लिहिताही समजलं. घाबरण्याबद्दल तुला बोलणारा मी कोण? पण पोस्टरवर तूच संविधानाचा अनुच्छेद 19 टाकलास ना? मग त्याचा दुसरा खंडही साहेबांना वाचून दाखव. अभिव्यक्तीवर निर्बंध घालायचे 8 आधार त्यात आहेत. सुव्यवस्था आहे, अब्रुनुकसानी आहे, न्यायालयाचा अवमान आहे. "पाहुणे नाराज होतील" हा नववा आपण घातलेला.

2019 चं यवतमाळचं साहित्य संमेलन आठव. इंग्रजी लेखिका नयनतारा सहगल यांना उद्घाटनाला बोलावलं आणि विरोध होताच निमंत्रण मागे घेतलं. त्यांचं भाषण पेपरांतून छापून आलं, घरोघरी पोचलं. पण त्यांच्यासमोर उभं राहून "बाई, तुमचं हे मला पटत नाही" म्हणायची सोय यवतमाळकरांना उरली नाही. उद्घाटनात प्रश्न कुठे असतात, म्हणशील. नसतात, हीच तर माझी तक्रार आहे! गाडगेबाबा कीर्तनात समोरच्या अडाणी माणसाला प्रश्न विचारून त्याच्या तोंडून उत्तर काढायचे. आपण पत्रकार-प्राध्यापक मंडळी दोन तास एकटेच बोलतो आणि वर विषय ठेवतो अभिव्यक्तीचा.

आता कामाचं. प्रश्न शेवटी ठेवू नको. आपल्याकडे साडेपाचची एसटी गेली की सकाळपर्यंत गाडी नाही. पाच वाजता सभागृहात चप्पल शोधायची गडबड सुरू होते, आणि प्रश्न ज्यांच्या पोटात आहेत तीच माणसं आधी उठतात. वक्त्याला अर्धा तास दे, मग माईक खाली, मग पुन्हा वक्ता. चिडला तर चिडू दे. प्रास्ताविक पाच मिनिटांत उरक आणि शाल-श्रीफळ चहाच्या वेळी दे. कॉर्डलेस माईक दोन ठेव, सेल जास्तीचे खिशात असू दे; "माईक बंद पडला" हे कारण मी दोनदा वापरलेलं आहे. मागच्या रांगेत माईक घेऊन तू स्वतः जा. बाया उभ्या राहत नाहीत, त्यांच्याजवळ बस आणि माईक हातात दे. बोलणं लांबलं तर लांबू दे. शिवी आली तर तेवढ्यापुरतं थांबव, माणसाला खाली बसवू नको.

साहेबांनी लेखी आदेश दिलाच, तर त्याची प्रत ठेव. तोंडी सांगत असतील तर लेखी माग. बहुतेक वेळा तिथंच विषय मिटतो.

पहिल्या व्याख्यानाला मी येतोय. दुपारच्या गाडीनं येईन, घ्यायला कुणाला पाठवू नको. पहिल्या रांगेतली खुर्चीही ठेवू नको. मी मागं बसणार आहे आणि मला वक्त्याला एक प्रश्न विचारायचा आहे.

तुझा,
काका